डोळा लवतो तेव्हा

अंधश्रद्धा हा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भानामती, करणी, अंगात येणे असे ठळक प्रकार उभे राहतात, आणि सुशिक्षित श्रोता मनाशी म्हणतो, हे काही आपल्यासाठी नव्हे. म्हणून आम्ही आज त्या वाटेला जात नाही. ज्या समजुतींना कोणतेच घर वर्ज्य नाही आणि ज्यांना अंधश्रद्धा म्हणण्याचे श्रमही कोणी घेत नाही, अशा अगदी किरकोळ गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. उचकी लागली की कोणी तरी आठवण काढते आहे. उजवा तळहात खाजला की पैसा येणार. तळपाय खाजला की प्रवास घडणार. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, स्त्रीचा लवला तर अशुभ. बाहेर निघताना कोणी शिंकले तर काम बिघडणार. या गोष्टी आपण मानतो असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, पण डोळा लवला म्हणजे "कोणता, डावा की उजवा?" हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघून जातो, हे प्रत्येकाने आपल्याशी कबूल करावे.

या समजुती आपल्या बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत की त्यांच्याशिवाय मराठी बोलणे अवघड व्हावे. जमत आलेले लग्न मोडले तर "कुठे माशी शिंकली कोण जाणे" असे आपण म्हणतो. संशय आला तर मनात पाल चुकचुकते. मारण्याची इच्छा झाली तर हात शिवशिवतात, आणि खोडकर मुलाला आई विचारते, "पाठ खाजते आहे वाटते?" शरीराला पुढचे आधी कळते, आणि ते आपल्या मुक्या भाषेत आपल्याला सांगते, अशी ही सगळी कल्पना आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की शरीर सांगते हे खरे, पण ते स्वतःविषयी सांगते. ते काय सांगते हे ऐकण्याऐवजी आपण त्यात दुसरेच काही ऐकत बसलो, तर मात्र पुष्कळदा आपले नुकसान होते, आणि कधी कधी ते भरून न येणारे असते.

प्रथम या भाषेचे व्याकरण पाहू. अंग स्फुरणे हा शकुन आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा पाया डावे-उजवे या भेदावर आहे. पुरुषाचे उजवे अंग स्फुरले तर चांगले, स्त्रीचे डावे स्फुरले तर चांगले. अशोकवनात सीता निराश होऊन बसली असता तिचा डावा डोळा, डावा बाहू व डावी मांडी स्फुरली असे वाल्मीकींनी सुंदरकांडात वर्णिले आहे, आणि थोड्याच वेळाने तिला मारुतीचे दर्शन होते. किष्किंधाकांडात याहून चमत्कारिक प्रसंग आहे. राम आणि सुग्रीव यांचे सख्य जुळले त्याच क्षणी सीता, वाली आणि रावण या तिघांचेही डावे डोळे एकाच वेळी लवले असे कवी सांगतो. स्फुरण एकच, बाजू एकच. पण ती स्त्री म्हणून तिला शुभ, आणि ते पुरुष म्हणून त्यांना अशुभ. कालिदासाने हीच युक्ती शाकुंतलात वापरली आहे. पहिल्या अंकात दुष्यंत कण्वाश्रमात शिरतो तोच त्याचा उजवा बाहू स्फुरतो, आणि या शांत तपोवनात याचे फळ ते काय मिळणार, असे त्याला नवल वाटते. पाचव्या अंकात शकुंतला राजसभेत येते तेव्हा तिचा उजवा डोळा लवतो, आणि पुढे काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

काव्यनाटकांत हे फार शोभते, आणि ते का शोभते हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिला अंक लिहिताना कालिदासाला पाचवा अंक ठाऊक असतो. त्यामुळे दुष्यंताच्या बाहूला जे कळते ते खरे तर कवीला कळलेले असते. आपल्या आयुष्याचा पुढचा अंक आपल्या दंडाला कोण कळवणार? शिवाय नाटकात निष्फळ स्फुरण असतच नाही. दुष्यंताचा बाहू त्याआधी दहा वेळा उगाच स्फुरला असेल, पण ते दाखविण्याचे कवीला काय कारण?

आता हे व्याकरण सृष्टीने घालून दिलेले असते तर ते सर्व देशांत सारखेच असावयास हवे होते. ताप जगात कोठेही आला तरी अंग गरमच लागते. शकुनांचे तसे नाही. प्राचीन ग्रीक कवी थिओक्रिटस याच्या एका काव्यात विरही गुराख्याचा उजवा डोळा लवतो आणि त्याला वाटते, आता ती दिसणार. येथवर आपले आणि त्यांचे जुळते. पण चीनमध्ये डावा डोळा लवला तर धनलाभ आणि उजवा लवला तर संकट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणजे पुण्याच्या गृहस्थाचा उजवा डोळा त्याला जी सुवार्ता सांगतो, तीच पेकिंगच्या गृहस्थाला दुर्वार्ता होते. डोळ्याचा स्नायू मात्र दोघांचाही एकच.

शिंकेच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो, आणि तिच्यापाशी आपण जरा थांबू, कारण ही कथा मोठी रसाळ आहे. आपल्याकडे शिंक ही कार्यनाशिनी. काही घरांत एकटी शिंक वाईट, जोडीने आल्या तर चालते. काही घरांत मात्र बोलणे चालू असता कोणी शिंकले तर "बघा, सत्य आहे" असेही म्हणतात. ग्रीकांना हीच शिंक देवाची वाणी वाटे. होमरच्या ओडिसी काव्यात पेनेलोपी आपला पती परत येऊन दुष्टांचा सूड घेईल असे बोलते, तोच तिचा मुलगा टेलेमाकस इतक्या जोराने शिंकतो की सारा वाडा दणाणतो, आणि ती हसते. तिचे बोलणे आता खरे होणार! झेनोफन याने आपला अनुभव लिहून ठेवला आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ साली इराणच्या मुलुखात अडकलेल्या ग्रीक सैन्यापुढे तो बोलण्यास उभा राहिला. सेनापती मारले गेले होते, सैनिक हताश झाले होते. आपण सुखरूप सुटू असे तो म्हणतो आहे तोच एक शिपाई शिंकला, आणि साऱ्या सैन्याने एकदम देवाला वंदन केले. त्या सैन्यात एखादा मराठा शिलेदार असता तर तो म्हणाला असता, झाले, आता येथून जिवंत कोण जातो!

याच शिंकेवर भगवान बुद्धांचा एक प्रसंग विनयपिटकात आला आहे. धर्मोपदेश करीत असता बुद्धांना शिंक आली. भिक्षूंनी एकच गलका केला, "भगवंत चिरंजीव होवोत!" त्या आवाजाने उपदेश खंडित झाला. बुद्धांनी विचारले, शिंकल्यावर जगा म्हटल्याने कोणी त्यामुळे जगतो किंवा मरतो काय? भिक्षू म्हणाले, नाही. तेव्हा असे म्हणू नये असा नियम झाला. पण गंमत पुढेच आहे. भिक्षू शिंकला की गृहस्थ लोक "चिरंजीव व्हा" म्हणत, आणि नियमामुळे भिक्षू उलट काहीच बोलत नसत. लोक नाराज झाले. हे कसले श्रमण, साधे उत्तरही देत नाहीत! हे कानावर येताच बुद्धांनी सांगितले, गृहस्थ लोकांना मंगल आवडते. त्यांनी म्हटले तर तुम्हीही "चिरंजीव व्हा" म्हणा. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात अंगलक्षणे, निमित्ते, स्वप्ने सांगून पोट भरणाऱ्यांच्या विद्येला ज्यांनी हीन ठरविले, त्यांनीच ही सवलत दिली. समजूत खोटी असली तरी तिच्यामागचा जिव्हाळा खोटा नसतो, हे ओळखणारा सुधारक विरळा. आपल्याकडे लहान मूल शिंकले की आजी "शतंजीव" म्हणते. त्यावर आमची काहीही हरकत नाही.

हरकत आहे ती उंबरठ्यावरच्या शिंकेला. नेमकी निघतानाच शिंक का येते, याचा विचार कोणी करीत नाही. जुन्या घरांतील माजघर अंधारे. तेथून माणूस ओसरीवर येतो तो एकदम उन्हात. अंधारातून लख्ख उजेडात आल्याबरोबर शिंक येणारी माणसे पुष्कळ आहेत. चार-पाचांत एक तरी अशी निघते, आणि हा गुण बहुधा आईबापांकडून मुलांत येतो. त्यात निघण्याच्या वेळी वहाणा झटकल्या जातात, ठेवणीतला कोट किंवा शाल बाहेर निघते, स्वयंपाकघरात डब्यासाठी मिरचीची फोडणी पडलेली असते. नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला धूळ किंवा धूर झोंबला की तेथील मज्जातंतू मेंदूच्या मुळाशी वर्दी देतात, छातीत हवा भरून घेतली जाते आणि ती जोराने बाहेर टाकून नाक साफ केले जाते. पहारेकऱ्याने आपले काम केले. त्यात प्रवासाला निघालेल्या माणसाचा काय संबंध?

आपल्या वैद्यांना हे चांगले ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेरा नैसर्गिक वेग सांगितले आहेत जे अडवू नयेत, आणि त्यांत शिंक आहे. वैद्यक सांगते शिंक दाबू नका. रूढी सांगते कोणी निघत असताना शिंकाल तर खबरदार. या दोन आज्ञांच्या कात्रीत घरात कोण सापडते? कर्ता पुरुष शिंकला तर कोणी फारसे बोलत नाही. बोलणी बसतात ती नव्या सुनेला, आश्रित विधवेला, कामाच्या मुलीला. मुलगा मुलाखतीला निघाला, दाराशी उभी असलेली सून शिंकली, मुलाला नोकरी मिळाली नाही, की त्या शिंकेची आठवण वर्षानुवर्षे निघत राहते. नोकरी मिळाली असती तर तीच शिंक त्याच दिवशी विसरली गेली असती. क्षणभर बसून, पाणी पिऊन मग निघावे हा आपला तोडगा तसा निरुपद्रवी आहे. त्या क्षणात विसरलेली किल्लीही आठवते. पण ज्या समजुतीमुळे एका माणसाच्या अपयशाची जबाबदारी दुसऱ्याच्या पडशावर टाकता येते, तिला निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

उचकी त्या मानाने गोड. ती लागली की दूरच्या माणसाची आठवण आपल्याला होते, त्याची आपल्याला होते असे आपण मानतो, आणि त्यात कोणाचे बिघडत नाही. एकेकाचे नाव घेत जायचे. ज्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली. हा उपाय लागू पडतो याचे कारण सरळ आहे. साधी उचकी थोड्या वेळाने आपोआप थांबते, आणि ती थांबताना कोणते तरी नाव ओठांवर असतेच. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. तो अवचित आकुंचन पावतो, हवा आत ओढली जाते, आणि तेवढ्यात घशातले कंठद्वार फटकन मिटते. त्याचा तो आवाज. भरभर जेवणे, फार तिखट, पोट तट्ट फुगणे ही नेहमीची कारणे. चरकाने चिकित्सास्थानात हिक्केचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांत जेवणाखाण्याने होणारी अन्नजा आहे, किरकोळ अशी क्षुद्रा आहे, आणि जीवघेणी अशी महाहिक्काही आहे. पण स्मरणजा म्हणून एखादी दिलेली नाही. अमेरिकेत चार्ल्स ऑस्बॉर्न नावाच्या गृहस्थांना १९२२ साली सुरू झालेली उचकी १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षे! इतका वेळ त्यांची आठवण काढणारा कोण असेल बरे? विनोद बाजूला ठेवून सांगावयाचे ते असे की दोन दिवसांहून अधिक टिकलेली उचकी वैद्याला दाखविलीच पाहिजे. मूत्रपिंड निकामी होऊ लागले, पोटात किंवा मेंदूत बिघाड असला, तरी अशी हट्टी उचकी लागते. त्या वेळी नातेवाइकांची नावे घेत बसून चालत नाही.

डोळा लवणे हे आणखी साधे. पापणीभोवतीच्या गोल स्नायूचे थोडे तंतू आपल्या आज्ञेवाचून थरथरतात. जागरण, डोळ्यांना ताण, मनाची काळजी, चहा-कॉफीचा अतिरेक एवढी कारणे बहुधा पुरतात. यात एक चमत्कारिक फेरा आहे. परीक्षेचा निकाल लागावयाचा असतो, मुलीला बघायला मंडळी यावयाची असतात, घरात कोणी आजारी असते. अशा दिवसांत झोप कमी होते, चहा वाढतो, आणि डोळा लवतो. म्हणजे महत्त्वाच्या घटनेआधी डोळा लवतो हे निरीक्षण सर्वस्वी खोटे नाही. फक्त घटनेने डोळ्याला सूचना दिलेली नसते, आपल्या चिंतेने दिलेली असते. डावे-उजवे तेथे यदृच्छेचे. हे लवणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. पण ते एका डोळ्याशी सुरू होऊन गाल आणि ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरू लागले, किंवा दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटू लागले, तर तो मज्जातंतूंचा विकार असतो आणि त्यावर उपचार आहेत. यांतला पहिला प्रकार बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूवर एखादी रक्तवाहिनी दाबल्याने होतो, हे आता नीट कळले आहे. वर्षानुवर्षे शांती करून घेणारी अशी माणसे आढळतात, आणि त्यांना इतकेच कोणी सांगितलेले नसते.

खाज हा विषय मात्र व्याख्यानाला धोक्याचा. जर्मनीतील संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग केला व २००० साली प्रसिद्ध केला. त्यांनी खाजेवर जाहीर व्याख्यान ठेवले, पडद्यावर गोचिडी, किडे, पुरळ यांची चित्रे दाखविली, आणि श्रोत्यांवर कॅमेरे लावून ठेवले. ती चित्रे चालू असताना लोक अधिक खाजवीत होते. पुढे मऊ, सुखद चित्रे आली तेव्हा ते प्रमाण कमी झाले. आता हे वाचताना कोणाचा हात मानेकडे गेला असल्यास त्यांनी संकोच करू नये. शरीरात दर क्षणी शेकडो बारीक संवेदना उठत असतात. ज्यांच्याकडे लक्ष जाते तेवढ्याच आपल्यापुरत्या असतात. तळहाताच्या खाजेत लक्ष्मी आहे असे एकदा कळले की तळहातच अधिक खाजतो.

येथे एक गोष्ट आम्हांला जोर देऊन सांगावयाची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एखाद्या बाईचे तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री खाज वाढू लागली, आणि अंगावर पुरळ मात्र दिसत नाही, तर घरातल्या बायका कौतुकाने म्हणतात, लक्ष्मीच येणार बरे! त्या खाजेचे कारण पुष्कळदा साधेच असते. पण कधी कधी यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावून पित्ताची आम्ले रक्तात साठतात, त्याची ती खूण असते, आणि ती फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते. त्याचप्रमाणे बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटणे ही खरजेची खूण. एकाला झाली की सबंध घराला औषध लावावे लागते. तळपायाला मुंग्या, जळजळ असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी. या खुणांतही भविष्य आहेच म्हणा; पण ते टाळता येण्याजोगे भविष्य आहे.

कानाविषयी एकच गोष्ट सांगतो. कानांत बोटे घातली की घूं घूं असा आवाज येतो, ती रावणाची चिता अजून जळते आहे, आणि ज्याला तो ऐकू येईनासा होईल त्याचे मरण जवळ आले, असे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. ही पोरासोरांची कल्पना दिसते तितकी पोरकट नाही. चरकाच्या इंद्रियस्थानात मरणचिन्हे सांगितली आहेत, त्यांत बोटांनी कान मिटल्यावर ज्या रोग्याला ज्वालेचा आवाज ऐकू येत नाही तो गतप्राण समजावा, असे एक लक्षण आहे. ग्रंथातली ज्वाला आणि घरातली रावणाची चिता यांचे नाते असावे असे आम्हांला वाटते. तो आवाज असतो आपल्याच बोटांच्या व हाताच्या ताणलेल्या स्नायूंच्या कंपनांचा. बाहेरचे आवाज बंद झाल्याने तो ठळक होतो. आता वय झाल्यावर ऐकू कमी येणारच. एखादी म्हातारी बाई कानात बोट घालून पाहते, काही ऐकू येत नाही, आणि ती मुकाट्याने मरणाची तयारी करू लागते. तिला हवे असते ते कानाचे यंत्र. रोमन पंडित प्लिनी याने नोंदविलेली समजूत अशी की कान वाजले म्हणजे कोणी तरी आपल्याविषयी माघारी बोलते आहे. एकच कान सतत वाजत असेल, किंवा एखाद्या सकाळी एका कानाचे ऐकू येणेच बंद झाले, तर कोण बोलते आहे याचा शोध न करता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावे. अशा बहिरेपणावर लवकर उपचार झाले तरच ऐकू परत येण्याची आशा बरी असते.

इतके असूनही या समजुती टिकतात कशा? लोक अडाणी आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवर राहून कोळ्यांचे जीवन पाहिले. खाडीच्या शांत पाण्यात, जेथे मासळी हमखास मिळते व जिवाला धोका नाही, तेथे ते लोक मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र त्यांचे विधी लांबलचक असत. माणसे तीच, बुद्धी तीच. अनिश्चितता वाढली की शकुन वाढतात. आपल्याकडेही भाजी आणायला निघालेल्याला कोणी शिंकेसाठी थांबवीत नाही. थांबवितात ते शस्त्रक्रियेला, खटल्याला, बोलणी करायला निघालेल्याला.

दुसरे कारण आपल्या हिशेबातले आहे. आपण जमा लिहितो आणि खर्च लिहीत नाही. समजा, नव्वद दिवसांत बारा दिवस डोळा लवला, आणि त्याच नव्वद दिवसांत तीस दिवस काही ना काही चांगले घडले: पत्र आले, पाहुणा आला, पैसे मिळाले. या दोहोंचा परस्परांशी काडीचा संबंध नसला तरी बारांपैकी सुमारे चार दिवस ते एकत्र येणारच. हे चार दिवस आपण वर्षभर सांगत राहतो. डोळा लवून काहीच न घडलेले आठ दिवस आणि डोळा न लवता चांगले घडलेले सव्वीस दिवस कोणाच्या लक्षात राहतात? ज्यांना आमच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नसेल, आणि ठेवूही नये, त्यांनी एक वही घालून तिच्या पानावर चार घरे आखावीत: लवला व घडले, लवला, घडले नाही, न लवता घडले, न लवला, न घडले. मात्र 'चांगले' म्हणजे काय ते आधी लिहून ठेवावे. डोळा लवल्यानंतर ठरवू नये. तीन महिने पुरेत. शाळेतल्या मुलांना हा छंद फार आवडतो.

तिसरे कारण गीतेच्या पहिल्या अध्यायात फार सुरेख आले आहे. अर्जुन सांगतो की गात्रे गळून गेली, तोंडाला कोरड पडली, अंग कापते आहे, रोमांच उभे राहिले, गांडीव हातातून सुटते आहे, त्वचा जळते आहे. आणि हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणतो की मला निमित्तेही विपरीत दिसतात. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मन खचले, मग शरीराने ते दाखविले, आणि मग शकुन वाईट दिसू लागले. श्रीकृष्ण पुढे इतके सांगतात, पण त्या निमित्तांचा अर्थ लावीत बसत नाहीत. ज्याला जावयाचे नाही त्याला शिंक हवीच असते. तसेच ज्या आईला मुलाने जाऊ नये असे वाटते पण तसे म्हणता येत नाही, तिचा डोळा तिच्या वतीने बोलतो. घरात कोणी "आज निघू नकोस, डोळा लवतो आहे" असे म्हटले, तर डोळ्याविषयी वाद घालण्यापेक्षा, तुला कशाची काळजी वाटते, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी ज्या एका शब्दप्रयोगामुळे खरोखरीच माणसे दगावतात, त्याकडे वळतो. अर्धांगाचा झटका आला की आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. शब्द जुना आहे, पण तो हा आजार बाहेरून आलेला ठरवितो, आणि मग उतारा, अंगारा, कबुतराचे रक्त चोळणे असले उपाय सुचतात. वारे बाहेरून आलेले नसते. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. शरीर येथे अगदी स्पष्ट बोलते: तोंड एका बाजूस वाकडे होते, एक हात वर धरला की खाली पडतो, बोबडी वळते. या तिन्हींपैकी एक जरी एकाएकी दिसले तरी रोग्याला तोंडाने काहीही न देता, ज्या रुग्णालयात मेंदूचे चित्र काढण्याची सोय आहे तेथे ताबडतोब न्यावे. गुठळी विरघळविण्याचे औषध सुरुवातीपासून सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. तेथील डॉक्टर डावे की उजवे हे स्वतःच पाहतील. घरच्या माणसांना ते पहिल्याने विचारतील ते असे, की रोगी शेवटचा धडधाकट दिसला तेव्हा घड्याळात किती वाजले होते. ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्यावी.